देवगडातून लिहिलं, मग खटला दादरला कसा?

प्रश्न: आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गावकरी आणि चाकरमानी मिळून दीडशे माणसं आहेत. गेल्या मे महिन्यात देवळाच्या जीर्णोद्धाराच्या हिशेबावरून मी लिहिलं, की बिल १२० पोती सिमेंटचं आहे, उतरली ७५, बाकीचे पैसे मुंबई मंडळाच्या सेक्रेटरींनी खाल्ले. त्यांनी दादरच्या न्यायालयात माझ्यावर अब्रुनुकसानीची फौजदारी तक्रार केली. आता नोटीस आली आहे. मी आंबा बागायतदार, देवगड तालुक्यातच राहतो आणि लिहिलंही इथूनच. मुंबईचं न्यायालय मला बोलावू शकतं का?

उत्तर: बोलावू शकतं. अब्रुनुकसानीत नुसतं लिहिणं पुरत नाही, मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोचावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटला कसा चालवायचा हे सांगणारा कायदा) कलम १९९ नुसार खटला कृत्य घडलं तिथे चालतो, तसा परिणाम झाला तिथेही चालतो. मोबाइल तुमच्या पडवीत होता, पण मेसेज परळ-नायगावातल्या चाकरमान्यांनी घरी बसून वाचला असेल, तर देवगडइतकाच तिथल्या न्यायालयालाही अधिकार आहे. निवड तक्रारदाराची.

मात्र तक्रारदार दादरला राहतो एवढ्यावर भागत नाही. मेसेज त्या न्यायालयाच्या हद्दीत कोणी वाचला, हे तक्रारीत यायला हवं. म्हणून तक्रारीची प्रत घेऊन साक्षीदारांचे पत्ते एकेक करून तपासा. आपले पुष्कळ चाकरमानी डोंबिवली नाहीतर विरारला राहतात. तोंडाने आपण सगळ्यांना मुंबईकर म्हणतो, पण डोंबिवली कल्याणच्या न्यायालयाखाली येते, विरार वसईच्या. सगळे साक्षीदार तिकडचेच निघाले तर तुमच्या हरकतीत दम आहे. ती आत्ताच, लेखी घ्या. निकालानंतर ‘खटला चुकीच्या जागी चालला’ म्हणून उपयोग नसतो, चुकीच्या जागेमुळे प्रत्यक्ष अन्याय झाला हे दाखवावं लागतं (कलम ५०८).

हद्दीबाहेर राहणाऱ्याला कायद्याने आणखी एक संरक्षण दिलं आहे. कलम २२५ प्रमाणे समन्स काढण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी स्वतः चौकशी केली पाहिजे किंवा तपास करायला सांगितलं पाहिजे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या याच तरतुदीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ही चौकशी बंधनकारक ठरवली. शिवाय कलम २२३ मुळे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय तक्रारीची दखलच घेता येत नाही. तुमची नोटीस त्यासाठीच दिसते. ती वॉरंट नव्हे, घाबरू नका. पण तारीख चुकवू नका, वकील उभा करा. पुढे समन्स निघालंच तरी गुन्हा जामीनपात्र आहे, आणि दर तारखेला रात्रीची गाडी पकडावी लागू नये म्हणून हजेरीतून सूट मागता येते.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. जागेच्या हरकतीने खटला फार तर दादरहून कल्याणला किंवा देवगडला येईल. ‘खाल्ले’ हा शब्द तुमच्याबरोबर तिथेही येणार. ‘४५ पोत्यांचा हिशेब द्या’ असं लिहिलं असतंत, तर तो तुमचा हक्कच होता. ‘खाल्ले’ हा आरोप झाला. भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा कायदा) कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानीला अपवाद आहेत: लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, आणि स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान. वर्गणी देणारे म्हणून दोन्ही तुम्हाला लागू पडू शकतात, पण ते सिद्ध करायचा भार तुमच्यावर आहे, आणि सद्भावना म्हणजे लिहिण्याआधी पुरेशी खातरजमा. पोती कोणी मोजली? तुमच्याबरोबर कोण होतं? सेक्रेटरींना आधी विचारलं होतंत का?

वर्गणीच्या पावत्या, बिलाची प्रत, टेम्पो उतरवणाऱ्या गड्यांची नावं आजच एका वहीत घाला. मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका, ग्रुपवर या विषयी एक अक्षर लिहू नका. बैठकीत हिशेब मांडायला ते तयार असतील तर जरूर बसा. हा गुन्हा आपसात मिटवता येतो, आणि देऊळ तुम्हा दोघांचंही आहे.