एआर-१५ रायफल घरी जोडायची आहे. लोअर पार्ट्स किट (रायफलच्या खालच्या भागातल्या सुट्या भागांचा संच) कोणत्या कंपनीचं घ्यावं? स्वस्त किटच्या पिना खरंच बाहेर येतात का?

पिना बाहेर येतात, पण स्वस्त किटमुळे नाही. हेच मी चार वर्षं आमच्या दाजींना सांगतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी ऑस्टिनजवळ राहतो. पहिली एआर जोडली तेव्हा सेलमध्ये मिळालं ते सगळ्यात स्वस्त किट घेतलं. दाजी ह्यूस्टनहून आले होते. पिशवी बघूनच त्यांनी नाक मुरडलं. त्यांची रायफल डॅनियल डिफेन्स या महागड्या कंपनीची, तयार घेतलेली. दुसऱ्या दिवशी रेंजवर चौथं मॅगझिन चालू असताना ट्रिगर तिरका लागायला लागला. दाजी शेजारून म्हणाले, "थांब, तुझी पिन बघ." ट्रिगरची पिन डावीकडून अर्ध्या तांदळाएवढी बाहेर डोकावत होती. बाजूच्या लेनमधले दोघे ऐकत असताना दाजी म्हणाले, "पन्नास डॉलर वाचवलेस ना? आता बोटं सांभाळ." ते मला लागलं.

घरी आलो आणि गॅरेजमध्ये टेबलावर जुना टॉवेल टाकून सगळं खोललं. कॅलिपरने पिन मोजली: ०.१५४ इंच, हवी तशीच. भोकंही बरोबर. मग खोलण्याआधी मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून पाहिला, तर हॅमरच्या (ठोका देणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगचा एक पाय ट्रिगरच्या पिनेवर टेकण्याऐवजी तिच्या खाली अडकलेला. त्या पिनेला टोकाजवळ बारीक खाच असते. स्प्रिंगचा पाय त्या खाचेत बसतो आणि तोच पिनेला जागेवर धरतो. हॅमरच्या पिनेला हॅमरच्या पोटातली छोटी स्प्रिंग धरते. कंपनी कुठलीही असो, रचना हीच. जोडताना चूक मी केली होती, किटने नाही. पाय वर घेतला. त्यानंतर त्याच किटवर दीड हजाराच्या वर गोळ्या झाल्यात, पिन तसूभर हललेली नाही. दाजी अजूनही "स्वस्तातलं ते स्वस्तातलंच" म्हणतात.

आता तुमचं किट. पामेटो स्टेट आर्मरी, सीएमएमजी, एअरो प्रिसिजन ही तिन्ही मी लावली आहेत, तिन्ही चालतात. बोल्ट कॅच, मॅगझिनचं बटण, डिटेंट (स्प्रिंगवर बसणाऱ्या छोट्या खुंट्या), स्प्रिंगा यांत ब्रँड बघणं म्हणजे पैसे वाया घालवणं. फरक जाणवतो तो फक्त ट्रिगरमध्ये. मिल-स्पेक (अमेरिकी सैन्याच्या मापाच्या) ट्रिगरला ५.५ ते ९.५ पौंड ओढ चालते, म्हणजे एकाच कंपनीचे दोन ट्रिगरही सारखे लागत नाहीत. म्हणून ट्रिगर नसलेलं किट घ्या, तेही मिळतं, आणि वाचलेले पैसे ट्रिगरवर घाला. मिल-स्पेकच पण गुळगुळीत हवा असेल तर एएलजीचा एसीटी. थोडे जास्त घालायची तयारी असेल तर लारूचा एमबीटी, दोन टप्प्यांचा, इथे लिअँडरलाच बनतो. आणि पुढच्या पिव्हट पिनेची स्प्रिंग आणि डिटेंट जास्तीची मागवून ठेवा. बोट निसटलं की ती उडते, मग रात्रभर फरशीवर लोहचुंबक फिरवत बसावं लागतं.

"पिना सरकू नयेत" म्हणून स्क्रूवाल्या वेगळ्या पिना विकतात. साध्या ट्रिगरला त्या लागत नाहीत. ज्या ट्रिगरच्या माहितीपत्रकात सांगितल्या असतील, तिथेच घ्या.

दोन गोष्टी राहिल्या. किट कोणीही घरी मागवतं, पण कायद्याने बंदूक म्हणजे नंबर असलेला तो नुसता लोअर, म्हणजे ट्रिगर बसतो तो खालचा सांगाडा. तो दुकानातून बंदूक खरेदीचा सरकारी ४४७३ फॉर्म भरूनच मिळतो. तुम्ही एच-१बी व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून तुम्हाला बंदूक किंवा गोळ्या बाळगताच येत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आणि मी हे टेक्ससचं सांगतोय. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, वॉशिंग्टन इथे राहत असाल तर किट मागवण्याआधी तिथला कायदा वाचा.