टोपी लॉस एंजेलिसची, नाव ब्रुकलिनचे

प्रश्न : लॉस एंजेलिसला राहणारा माझा भाचा यंदा गणपतीला घरी आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी ‘डॉजर्स’ या बेसबॉल संघाची निळी टोपी आणली. या नावाचा अर्थ काय आणि संघ किती जुना आहे?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आपल्या टोपीवर ‘एल’ आणि ‘ए’ ही अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतील, संघाचे नाव मात्र लॉस एंजेलिसमध्ये पडलेले नाही. १८८३ मध्ये हा संघ न्यूयॉर्कलगतच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झाला. १८८८ च्या सुमारास बऱ्याच खेळाडूंची एकापाठोपाठ लग्ने झाली, म्हणून लोक त्यांना चक्क ‘नवरदेव’ म्हणत. पुढे घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या आल्या, त्यांचा वेग लोकांच्या अंगवळणी पडेना, अपघात वाढले, आणि रूळ ओलांडताना ट्राम चुकवत धावणारे ब्रुकलिनकर ‘ट्रॉली डॉजर्स’ ठरले. तेच नाव पुढे संघालाही चिकटले. हुतुतूत हुलकावणी देऊन निसटणारा गडी आठवा. ‘डॉजर’ म्हणजे तोच.

या संघाचे सर्वांत मोठे काम एका खेळाडूच्या निवडीत आहे. कृष्णवर्णीयांना प्रमुख लीगची दारे साठेक वर्षे बंद होती. ब्रँच रिकी या व्यवस्थापकांनी जॅकी रॉबिन्सनला संघात घेतले आणि १५ एप्रिल १९४७ रोजी तो मैदानात उतरला. त्याच्या जर्सीवरचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये सर्वच संघांनी निवृत्त केला, म्हणजे नव्या खेळाडूला तो देणे बंद केले.

अजिंक्यपदाने मात्र ब्रुकलिनला फार रखडवले. १९४१ ते १९५३ या काळात पाच अंतिम मालिका याच संघाने गमावल्या, त्याही प्रत्येक वेळी शेजारच्या न्यूयॉर्क यँकीज या संघाकडून. १९५५ मध्ये त्याच यँकीजना सातव्या सामन्यात हरवून ब्रुकलिनने आपले पहिले आणि अखेरचे अजिंक्यपद मिळवले.

अखेरचे अशासाठी, की मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच नवे मैदान बांधायचे होते, परंतु हवी ती जागा देण्यास शहराचे बडे अधिकारी रॉबर्ट मोझेस राजी झाले नाहीत, आणि १९५७ चा हंगाम संपताच संघ लॉस एंजेलिसला गेला. एबेट्स फील्ड हे जुने मैदान १९६० मध्ये पाडण्यात आले. नाव तेवढे बरोबर गेले, जसे तीन पिढ्या डोंबिवलीत काढलेल्या कुटुंबाचे आडनाव गुहागरकरच राहते. ब्रुकलिनच्या टोपीवर ‘बी’ हे अक्षर असे. तशी टोपी आजही विकत मिळते, तेव्हा भाच्याला पुढच्या गणपतीसाठी आताच सांगून ठेवावे.