दोरीवर, उन्हात वाळत घाल

ताई, दाढ काढल्यावर पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं. आठवड्याभरात खालच्या जागेला इतकी खाज सुटली की रात्रभर डोळा लागत नाही. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं, लघवीला झोंबतं. दिवसातून तीनदा जंतुनाशकाच्या पाण्याने धुते, तरी वाढतंच आहे. सासूबाई म्हणतात, उष्णता. नवऱ्याला सांगायची भीती वाटते, त्याच्या मनात भलतंच आलं तर?
– एक वाचक, वय 29, चिपळूण

अगं, आधी ते जंतुनाशक बंद कर. आजपासून. साधं पाणी, तेही फक्त बाहेरून.

तुझ्या लिहिण्यावरून हा कँडिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग वाटतो. ही बुरशी बऱ्याच बायकांच्या अंगात एरवीही थोडीफार असते. योनीतले चांगले जिवाणू तिला आवरून धरतात. दाढेच्या औषधाने तेच मारले गेले आणि तिला रान मोकळं मिळालं. चारातल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हे होतं. हा गुप्तरोग मानला जात नाही, लग्नाआधीच्या मुलींनाही होतो. नवऱ्याला हे पत्रच वाचायला दे. तू काहीही चुकलेली नाहीस.

तरी एकदा डॉक्टरांना दाखवच. माशासारखा वास, हिरवट-पिवळं जाणं, ओटीपोटात दुखणं, ताप यातलं काही असेल तर आजार निराळा, औषधही निराळं. बुरशीच असेल तर बहुधा क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी देतात, किंवा फ्लुकोनाझोल 150 मिलीग्रॅमची एकच गोळी पोटात. पाळी चुकली असेल तर ते आधी सांग. गरोदरपणात ही पोटातली गोळी टाळतात. मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' मात्र आणू नकोस. त्यातल्या कितीतरी ट्यूबांत स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग दुखणं चिघळतं. वर्षात तीन-चार वेळा उलटलं तर रक्तातली साखर तपासून घे, मधुमेहात हे वारंवार होतं.

आणि एक विचारते, तुझ्या निकर कुठे वाळतात? आपल्याकडे त्या दोरीवर साडीच्या आड लपवतात, पावसाळ्यात दमटच अंगावर चढवतात. ओल बुरशीला मानवते. सुती वापर, उघड्यावर उन्हात घाल, ऊन नसेल त्या दिवशी इस्त्री फिरव. सासूबाई काही म्हणाल्या तर माझं नाव सांग.