कलेजीतल्या पाण्याच्या गाठी कुत्र्याला टाकू नका

प्रश्न : जत्रेला बोकड कापला. कलेजीवर लिंबाएवढ्या पाण्याच्या चार गाठी निघाल्या. तेवढा भाग राखणीच्या कुत्र्यांना टाकला, बाकीचं मटण शिजवून खाल्लं. आम्हाला काही होईल का? शेळ्यांना कोणतं औषध पाजू?

उत्तर : दादा, मटण खाऊन हा आजार होत नाही, ती धास्ती सोडा. मला काळजी वाटते ती कुत्र्यांना टाकलेल्या तुकड्यांची.

तुमच्या वर्णनावरून या गाठी हायडॅटिडच्या, म्हणजे कुत्र्याच्या पोटातल्या एका जंतापासून होणाऱ्या, दिसतात. अशा गाठीत नितळ पाणी असतं आणि पुष्कळदा तळाशी बारीक वाळूसारखे कण. त्यातला एकेक कण कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी (फितीसारखा चपटा जंत) होतो, जेमतेम 3 ते 7 मिलिमीटरचा. कुत्रं ठणठणीत दिसतं, पण सहा-सात आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती चाऱ्यावर पडली की शेळ्या-मेंढ्यांत पुन्हा गाठी. कुत्र्याच्या केसांनाही ती चिकटतात. पोरं त्याला कुरवाळतात, तशाच हातानं भाकरी खातात आणि अंडी पोटात जातात. मग यकृतात नाहीतर फुप्फुसात गाठ वाढत राहते, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. आत फुटली तर जिवावर बेततं.

शेळ्यांना नेहमीचं जंताचं औषध पाजून या गाठी जात नाहीत. औषध द्यायचं कुत्र्यांना : वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला 100 मिलिग्रॅम. जंताची कुठलीही गोळी चालत नाही, पाकिटावर हे नाव वाचूनच घ्या. औषधानं कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि विष्ठा खोल पुरा. दर दीड महिन्यानं पुन्हा डोस द्या, म्हणजे नवा कृमी अंडी घालायच्या आतच मरेल.

पुढच्या वेळी गाठी निघाल्या तर फोडू नका. खोल खड्ड्यात पुरून वर दगड ठेवा. मेलेली मेंढी ओढ्यात टाकायची सवय तर आजच मोडा.

घरात कुणाला उजव्या बरगडीखाली सतत दुखत असेल किंवा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि दारात कुत्री-शेळ्या आहेत हे आवर्जून सांगा. साधी गाठ समजून, तयारीशिवाय सुईनं पाणी काढलं तर धोका होतो.