पांढऱ्या ठिपक्यापासून सुरुवात कर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

अशनींवर काम करायचं ठरवलंस, बरं झालं. फक्त एक सांभाळ. दख्खनच्या बेसॉल्टवर आपला हात बसलेला असतो, त्यामुळे खनिज दिसलं की आपण लगेच लाव्हा शोधायला लागतो. सूर्यमालेतली पहिली खनिजं लाव्ह्यातून आलेली नाहीत. दाब इतका कमी होता की द्रव टिकायलाच अवघड. कापराची वाफ झाकणाला थेट पांढरी धरते, तसा तप्त वायू निवताना घन कण जमत गेले.

आयेंदे घे. 8 फेब्रुवारी 1969 ला मेक्सिकोच्या चिवावा राज्यात पडलेला हा अशनी. दोनेक टन तुकडे गोळा झाले, म्हणून अभ्यासाला मिळतो तरी. कापलेल्या करड्या पृष्ठावर वेडेवाकडे पांढरे ठिपके दिसतील, काही तर सेंटीमीटरभर. हेच सीएआय, म्हणजे कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमने भरलेले खनिजांचे पुंजके (इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव). वय सुमारे 456.7 कोटी वर्षं. सूर्यमालेत घडलेलं याहून जुनं काही आपण अजून मोजलेलं नाही. वायू निवताना कोण आधी, कोण नंतर, हे लॉरेन्स ग्रॉसमन यांनी 1972 मध्ये गणिताने मांडलं: कोरंडम, पेरॉव्हस्काइट, मेलिलाइट, स्पिनेल, लोखंड आणि ऑलिव्हिन त्यामागून.

हा क्रम पाठ कर, पण प्रत्येक ठिपक्यावर लादू नकोस. आयेंदेतले मोठे, 'बी' प्रकारचे ठिपके पुन्हा वितळलेत. त्यांत मेलिलाइट कडेकडून आत वाढतं आणि आत जाताना त्यातलं मॅग्नेशियम वाढत जातं. इथे तुझी बेसॉल्टवाली नजर कामी येईल.

मग कुठेतरी नेफेलिन आणि सोडालाइट ही सोडियमची खनिजं भेटतील. दचकू नकोस, अल्कली मॅग्माच्या गोष्टीही रचू नकोस. मेलिलाइट जमतं तेवढ्या तापमानाला सोडियम वायूतच असतो. म्हणजे ही मंडळी मागाहून आली, बहुधा अशनी ज्यातून फुटून आला त्या मूळ लघुग्रहाच्या पोटात, गरम द्रवाने जुनी खनिजं खाल्ली तेव्हा.

ही किरकोळ बाब नव्हे. 1976 मध्ये आयेंदेच्या सीएआयमध्ये मॅग्नेशियम-26 जास्तीचं सापडलं. ते अ‍ॅल्युमिनियम-26 च्या क्षयातून आलेलं, अर्धायुष्य साधारण सात लाख वर्षं. कोणता कण आधी घडला, कोणता नंतर, हे सांगणारं सगळं घड्याळ त्यावर उभं आहे. बदललेल्या जागेवर माप घेतलंस, तर आकडा देखणा येईल आणि अर्थ चुकेल. अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (भौतिक संशोधन प्रयोगशाळेत) गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात कॅल्शियम-41 चा माग काढला. अर्धायुष्य जेमतेम लाखभर वर्षं! तो एफ्रेमोव्का अशनीच्या सीएआयमध्ये मिळाला, आणि आयेंदेच्या मानाने एफ्रेमोव्का बराच कमी बिघडलेला आहे. ते निबंध मुळातून वाच.

कॉन्ड्रूल, म्हणजे अशनीतले वितळून गोठलेले बारीक गोल दाणे, सध्या बाजूला ठेव. ते नेमके कशाने तापले यावर जाणकारांचंच एकमत नाही.

तुझ्या थिन सेक्शनचा (अशनीच्या पातळ घासलेल्या कापाचा) आधी सोडियमचा नकाशा काढ, म्हणजे बदललेल्या जागा कळतील. तो मला पाठव, मग आयन प्रोबवर, म्हणजे बारीकशा जागेतली समस्थानिकं मोजणाऱ्या यंत्रावर, वेळ मागू.

तुझे,
सर