लाल दिव्याचं पॅनल घरी वापरताय? आधी गुडघे, गाल आणि डोळे सांभाळा

ऐरोलीच्या ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 660 (लाल) आणि 850 (अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड) नॅनोमीटरच्या दिव्यांचं पॅनल ऑनलाइन मागवलंत. सासूबाईंच्या गुडघ्यांना आणि तुमच्या गालावरच्या वांगाला रोज अर्धा-अर्धा तास देताय. सासूबाईंना शुगर आहे, तुम्ही रात्री वांगाचं क्रीम लावता. चार दिवसांत गाल लाल झाले, निम्मे दिवे पेटत नाहीत, आणि धाकटा त्याच खोलीत अभ्यासाला बसतो. मी डॉक्टर नाही. नौपाड्यात राहते, चार वर्षं मानेसाठी असं पॅनल वापरतेय, आणि आमच्या घरात यातून एकदा चांगलंच भाजलंय. म्हणून सविस्तर लिहिते.

ते दिवे बहुतेक पेटलेलेच आहेत. 850 चा प्रकाश डोळ्याला जवळपास दिसत नाही, फार तर मंद लालसर ठिपका दिसतो. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, टीव्हीच्या रिमोटचा पुढचा दिवा दिसतो तसे जांभळट दिसतील. माल परत करायची घाई नको. पण प्रकाश झगझगीत असला की आपण आपसूक डोळे मिटतो, बाहुली आकसते. न दिसणाऱ्या प्रकाशासमोर यातलं काहीच होत नाही. त्यामुळे "हे तर बंदच आहे" म्हणून कुणी वाकून बघत बसलं, तर डोळा उघडाच राहतो. चेहऱ्याजवळ पॅनल असेल तेव्हा खोक्यातला गॉगल घालायचाच. नुसते डोळे मिटून भागत नाही, हा प्रकाश पापणीतून आत जातो. 2019 मध्ये न्यूट्रोजिना या त्वचेची उत्पादनं विकणाऱ्या कंपनीने आपला लाल-निळ्या दिव्यांचा मुरमांसाठीचा मास्क बाजारातून परत घेतला. रेटिनायटिस पिगमेंटोसासारखे डोळ्यांचे काही आजार असलेल्यांना किंवा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं घेणाऱ्यांना इजा होऊ शकते, एवढ्या शंकेवरून. तुमच्या घरात कुणाला डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. शुगरमुळे सासूबाईंचा पडदा तसाही दरवर्षी तपासायला हवा.

आता गुडघे, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. माझ्या आईला जुनी शुगर. तिच्यासाठी मी गुडघ्याला गुंडाळायचा लाल दिव्यांचा पट्टा आणला होता. वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो, असं खोक्यावर छापलेलं. दुपारी पट्टा बांधून तिला मालिका लावून दिली आणि मी जांभळी नाक्यावर भाजीला गेले. परत आले तर आई खुर्चीतच झोपलेली, पट्टा चालूच. सोडला तर गुडघ्याच्या आतल्या बाजूला दहाच्या नाण्याएवढा फोड, आणि भोवती पट्ट्याच्या कापडाची वीण लाल उमटलेली. आई म्हणाली, "मला तर काहीच लागलं नाही गं." फोड फुटला, चिघळला, पाच आठवडे ड्रेसिंग चाललं.

पट्ट्यातले दिवे थोडे तापतातच. कातडीला घट्ट बांधलं की उष्णता बाहेर पडत नाही. धडधाकट माणूस चटका बसला की पट्टा काढून फेकतो. शुगरने पायांच्या नसा बधिर झालेल्यांना तो चटका कळतच नाही. म्हणून सासूबाईंना पट्टा अजिबात नको. पॅनल वीतभर लांब ठेवा, मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा, खोलीत कुणीतरी बसा, आणि मध्ये एकदा स्वतःचा तळहात त्यांच्या गुडघ्यावर ठेवून बघा. पायांत मुंग्या येतात, चप्पल निसटलेली कळत नाही, असं काही असेल तर डॉक्टरांनी पायांची संवेदना तपासेपर्यंत थांबा. आणि फिजिओथेरपीवाल्यांकडचा शेकायचा तो मोठा लाल बल्ब वेगळा बरं का, त्याचं कामच उष्णता देण्याचं आहे. दोन्ही एकाच दिवशी एकाच गुडघ्यावर नको.

गुडघ्याला फायदा होतो का? 2019 मध्ये बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात 22 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. ठरावीक मात्रेत दिलेल्या लेझरने गुडघेदुखी कमी झाल्याचं त्यात दिसलं. पण तो सांध्याच्या ठरावीक जागांवर मोजून दिलेला लेझर, आपल्या पॅनलचा पसरट उजेड नव्हे. त्यामुळे पॅनलच्या भरवशावर व्यायाम सोडू देऊ नका.

मात्रेचा हिशोब सोपा आहे. दर चौरस सेंटिमीटरला किती मिलीवॅट पडतात, त्याला सेकंदांनी गुणा आणि हजाराने भागा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल ऊर्जा मिळाली ते कळतं. 50 मिलीवॅट दहा मिनिटं म्हणजे 30 ज्यूल, अर्धा तास म्हणजे 90. खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा दिव्याला चिकटून मोजलेला असतो, लांब गेलं की उतरतो. जास्त दिलं की जास्त गुण येतो असंही नाही. एका मर्यादेपुढे परिणाम उलट घटतो, आणि जळजळ, कोरडेपणा सुरू होतो. 2014 मध्ये चेहऱ्याच्या सुरकुत्यांवर 136 जणांचा अभ्यास झाला, त्यात प्रकाश आठवड्यातून दोनदाच दिला होता. तुम्ही रोज अर्धा तास देताय, ते खूप होतंय.

गालांचं मात्र आजच बंद करा. वांग उन्हाने वाढतो तसा उष्णतेनेही वाढतो, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर डाग लवकर धरतात. अमेरिकेत निरोगी लोकांच्या हातावर लाल एलईडीची मात्रा वाढवत नेऊन पाहिली, तेव्हा गोऱ्यांना दर चौरस सेंटिमीटरला 480 ज्यूलपर्यंत सोसलं, सावळ्या-काळ्या कातडीला 320 च. एवढी मात्रा तुम्ही एका वेळी देणार नाही हे खरं, पण गोऱ्या लोकांसाठी लिहिलेलं वेळापत्रक डोळे झाकून आपल्याला लावू नये. शिवाय तुमचं क्रीम काय आहे ते बघा. वांगाच्या बऱ्याच क्रीमांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं तिन्ही असतं. ट्रेटिनॉइनने कातडी हुळहुळी होते, स्टेरॉइड फार दिवस लावलं तर पातळ होते, आणि वर तुमचा अर्धा तास. चार-पाच दिवस साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच लावा. लाली उतरली नाही किंवा डाग गडद दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि क्रीमची ट्यूब सोबत न्या.

गोळ्यांची पट्टीही न्या, सासूबाईंचीसुद्धा. डॉक्सिसायक्लिन, अ‍ॅमिओडेरोन, बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड यांनी कातडी प्रकाशाला हळवी होते. त्यांचा मुख्य त्रास उन्हातल्या अतिनील किरणांनी होतो, लाल प्रकाशाने कमी. तरी डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. लुपस (प्रकाशाने बळावू शकणारा आजार) असेल तर नको, कॅन्सरची गाठ असेल त्या जागी नको, गरोदरपणात नको. फिट येणाऱ्यांनी दिवे लुकलुकवणारा पल्स मोड लावू नये.

धाकट्याला त्या खोलीत बसवू नका. चीनमध्ये मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून डोळ्यात रोज लाल प्रकाश सोडणारी यंत्रं घरोघरी पोचली होती. पाच महिने वापरल्यावर 12 वर्षांच्या एका मुलीच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याची नोंद 2023 मध्ये छापून आली. ते डोळ्याला लावून बघायचं यंत्र होतं, तुमचं पॅनल तसं नाही. पण मुलं दिव्यांचे ठिपके मोजत बसतात, माझा भाचा बसलेला मी पाहिलाय. पॅनल चालू असेल तेवढी दहा मिनिटं त्याला स्वयंपाकघराच्या टेबलावर बसवा, आणि झाल्यावर प्लग काढून पॅनल कपाटावर ठेवा.