पहिला खर्च ब्रेकवर करा
ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर आपली पोर्शे ९११ जीटी३ ही स्पोर्ट्स कार प्रथमच नेणार असाल, तर इंजिनाची शक्ती वाढवण्याचा विचार तूर्त सोडा. सुमारे एक किलोमीटरच्या सरळ पट्ट्याअखेरीस वारंवार जोरात ब्रेक दाबल्याने ब्रेक ऑइल तापते, आणि हवेतील ओलावा शोषलेले जुने ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट खाली जाते. म्हणून ३०० अंश सेल्सिअसहून अधिक उत्कलनबिंदू असलेले ताजे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल भरून घ्या. ब्रेक पॅडची जाडीही तपासा. टायर तापल्यावर वाढलेला दाब मोजून कमी करा, परंतु रस्त्यावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरा. रोजच्या वापरातील गाडीत रोल केज, म्हणजे गाडी उलटल्यास बचावासाठी आत बसवलेला नळ्यांचा सांगाडा, मात्र बसवू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण अपघातात हेल्मेट नसलेले डोके त्या नळीवर आदळू शकते.